सव्वातीनशे किलोच्या उशा

बदनापूरच्या प्रीती खरातनं समुद्र पाहिलाय तो फक्त नकाशावर. पण कोलंबोहून मालेला विमान दीड तासात पोचतं, जहाजाला मात्र आधी जागेची वाट, मग तीन दिवस पाणी, मग उतरवायला आणखी दोन, हे तिला झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. हे सगळं एका कोर्समध्ये शिकून पोरगी रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला यायची आणि कल्याण सरांच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, टाइप करायची. दोन वर्षं नुसत्या बिल्ट्या. सळ्या, बियाण्याच्या थैल्या, परत सळ्या. डोकं पिकायची पाळी.

त्या मंगळवारी सरांच्या ओळखीतून कोलंबोच्या एका उशांच्या कारखान्याकडून काम आलं. मालदीवच्या बेटावर नवं हॉटेल उघडणार, त्याला शेवरीच्या कापसाच्या तीनशे उशा पाठवायच्या. सोमवारी पाहुणे येणार. विमान बरं की जहाज, किती दिवस, काय भाडं, ते आजच्या आज कळवा. सरांनी कागद प्रीतीपुढं टाकला.

"हे तू कर. जमलं तर बेटांचं काम आणि खिडकीजवळचं टेबल तुझं. न्हाई जमलं तर बिल्ट्या हायेतच."

प्रीतीला असा काही आनंद झाला की तिनं जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. जहाज शुक्रवारी निघणार, म्हणजे माल हॉटेलात पोचेपर्यंत बुधवार उजाडणार. पाहुण्यांनी तोवर डोक्याखाली काय घ्यायचं, हात? मग विमानच. सव्वातीनशे किलो माल, गुणिले किलोचा दर. भाडं इतकं परवडणारं निघालं की ती एकटीच हसली. मेल गेला, अर्ध्या तासात कारखान्याच्या मालकीणबाईंचा होकार आला. प्रीती हवेत.

हवेतून आपटली ती चारच्या सुमारास. विमानात माल चढवणाऱ्या माणसानं सहज विचारलं, खोक्यांची लांबी-रुंदी-उंची किती? ते प्रीतीनं हिशोबात धरलंच नव्हतं. आता ही चूक मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मुलुखातलीच. आपल्याकडं काटा बोलला की विषय संपला. ट्रॉलीभर कापूस असो की गोणीभर तूर, जे वजन भरेल ते खरं. विमानवाले मात्र माल किती जागा अडवतो तेही मोजतात, आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्याचं भाडं लावतात. कोर्समध्ये तिनं हे पाठ केलं होतं, पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. पण हातात खरं काम आलं आणि डोक्यात तेवढा काटाच. उशा काट्यावर सव्वातीनशे किलो, जागेच्या हिशोबानं दोन हजार. भाडं सहापट.

उशीर होईल म्हणून सांगायला तिनं घरी फोन लावला. कांताबाईंनी, तिच्या आईनं, आवाजावरूनच ओळखलं. तीस वर्षं लोकांच्या रानात कापूस वेचलेली बाई ती. ट्रॉलीत कापूस तुडवून भरायचा असला की गाव आधी तिला हाक मारायचं.

"काय झालं गं, रडून राह्यली का?"

"न्हाई गं माय. उशा हायेत. वजन कमी, पण जागा लय खाऊन राह्यल्या. विमानवाले जागेचं भाडं मागतेत."

"कशाच्या उशा?"

"कापसाच्या. शेवरीच्या."

"मंग तुडवा की."

"नव्याकोऱ्या उशांवर पाय देतेत का, माय?"

"पाय कोण म्हणलं? शेजारच्या दैवशालाच्या लग्नातली गादी टमटममधी कशी आणल्ती? प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर बसून हवा काढली, जल्दी तोंड बांधलं. घरी सोडली तशी फुगली. कापूस जिता असतो बाई, जागा भेटली की उठतो."

प्रीतीनं फोन ठेवला. आधी सरांना सांगितलं, चूक माझी आहे. सर तापले, टेबलावर हात आपटला, मग म्हणाले, "विचारून बघ." तिनं कोलंबोला फोन केला, तिथंही चूक कबूल केली आणि आईची 'तुडवा'ची युक्ती सांगितली. मालकीणबाई बिचकल्या. उशा फुगल्याच नाहीत तर? हॉटेलात काय तीनशे भाकरी पाठवायच्या? शेवटी एक उशी पिशवीत घालून दाबून ठेवायचं ठरलं, दुसऱ्या दिवसापर्यंत.

बुधवारी सकाळी निरोप आला: उशी चौथाई झाली होती, आणि सोडल्यावर फुगली. दोन हजारांचे पाचशे झाले. भाडं पहिल्या आकड्याच्या दीडपट बसलं, तरी बाई हो म्हणाल्या. पण एक उशी फुगली म्हणून तीनशे फुगतील याची हमी कोण देणार? सरांनीही बजावलं, हॉटेलातला फोटो आल्याशिवाय टेबलाचं नाव काढू नको. शनिवारी माल उडाला. रविवारभर प्रीतीनं फोन हातातून खाली ठेवला नाही, घरचे वैतागले.

सोमवारी सकाळी, ती गाडीसाठी चप्पल घालत होती तेव्हा हॉटेलच्या व्हरांड्यात रांगेनं मांडलेल्या उशांचा फोटो आला. खाली बाईंची इंग्रजीत ओळ: पुढच्या महिन्यात सहाशे, अशाच 'तुडवा' करून. प्रीती तशीच चपलेसकट घरात पळाली. कांताबाईंनी चष्मा लावला.

"ते मागं निळं काय हाय?"

"समुद्र, माय."

"असू दे. उशा मोठ्या करून दाव."

प्रीतीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. कांताबाईंनी एकेक उशी नीट पाहिली, पार शेवटच्या रांगेपर्यंत.

"बराबर फुगल्यात," त्या म्हणाल्या. "जा आता, गाडी जाईल. खिडकीपाशी बस."