पहिली पंगत

एसटी फाट्यावर थांबली तेव्हा बानं माझी पत्र्याची पेटी आधी आत ढकलली आणि मग मला. आई आली नव्हती. आवणीचे दिवस होते, भाताची रोपं काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. ती लांबच्या खाचरातून एकदा ताठ उभी राहिली, हात वर केला आणि परत वाकली. बा खिडकीशी आला. बोलणारा माणूस नव्हेच तो. एवढंच म्हणाला, "शीक. पन पावनी होऊन येऊ नको."

कंडक्टरनं बेल मारली आणि गाडी पेठच्या रस्त्याला लागली. घर सोडताना पोटात खड्डा पडतो, रडू आवरत नाही, असं लोक सांगतात. मला सावळघाटात गाडी लागली, तेवढंच आठवतं. नाशिकला उतरले तेव्हा तोंडाला लिंबाची चव होती आणि मनात काहीच नव्हतं.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. वसतिगृह पंचवटीत, कॉलेज नदीपलीकडे. बी. ए.ला समाजशास्त्र घेतलं, कारण खोलीतल्या सीनियर मुलीकडे त्याची पुस्तकं होती. माझी निवड इतकी थोर होती. पहिल्या सुट्टीत बानं विचारलं, या विषयात काय शिकवतात? मी म्हटलं, माणसं एकत्र कशी राहतात, ते. तो म्हणाला, "मंग त्याला नाशकाला कशाला जायाचं?" याचं उत्तर मी आजवर शोधते आहे, आणि आता तर मला हा विषय शिकवण्याचा पगार मिळतो.

दुसऱ्या वर्षी आम्हाला 'कुटुंब आणि विवाह' हा पेपर होता. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणाला त्यांचा राग यायला नको. त्यांनी सांगितलं, आपल्या आई-वडिलांचं लग्न कसं झालं ते घरी विचारून या. दिवाळीत मी आईला चुलीपुढे विचारलं. ती फुंकणी खाली ठेवून हसायला लागली. "आमचा लगीन? नाय झाला अजून. व्हईल की."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यात विचारण्यासारखं काही असतं, हे ठाऊक नव्हतं. आमच्यात बोलणी झाली, चार माणसांनी मान डोलावली, की पोरगी नांदायला जाते. मांडव घालून, गाव जेवू घालून लग्न लावायचं ते सवडीनं. ती सवड येईतो पोरं मोठी होतात. नियम एकच: आई-बापाचा मांडव झाल्याशिवाय लेकरांचा होत नाही. बाच्या मते मी आता लग्नाची झाले होते, म्हणून त्या वर्षी आई-बा, दर हिवाळ्यात जायचे त्या द्राक्षांच्या मजुरीवरून, लवकर परतणार होते आणि शिमग्याच्या आधी आमच्या दारात मांडव पडणार होता.

वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी मात्र चष्मा काढला. "हे आपण प्रत्यक्ष पाहिलंच पाहिजे," म्हणाल्या. तेव्हा त्या आम्हाला सहभागी निरीक्षण शिकवत होत्या. आत राहायचं, पण आतलं व्हायचं नाही, असं त्यांचं वाक्य होतं. मी बाला भीतभीत विचारलं. तो उलट फुलला. "नाशकाचं पावनं माझ्या लग्नाला? येऊ दे की!"

आले. जीप भरून आले, टेपरेकॉर्डर घेऊन. आमच्यात भटजी नसतो, धवलेरी असते. ती बाई गाणी म्हणत लग्न लावते. धवलेरी गात होती, मॅडम टेप धरून बसल्या होत्या आणि मी आईच्या हातापायांना हळद लावत होते. आई लाजून हसत होती. एवढी मोठी बाई, नवरीसारखी लाजत होती म्हणायचं तर नवरीच होती की. मधेच मॅडम विचारायच्या, याचा अर्थ काय गं? मी पिवळ्या हातांनी उठून त्यांना अर्थ सांगायचे आणि परत येऊन बसायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर आईच म्हणाली, "तू जा त्यांच्यात. हळद काय, कोनीबी लावील."

मग जेवणं. आमच्याकडे पंगतीचा क्रम ठरलेला आहे. आधी पाहुणे, मग भावकी, घरचे सगळ्यात शेवटी. घरच्यांना उरलंसुरलं मिळतं आणि खरी गंमत त्यातच असते, कारण तळाला लागलेली भाताची खरपुडी घरच्यांचीच. लहानपणी कोणाचंही कार्य असो, मी आणि आई खरपुडीवरून भांडायचो. मोठा तुकडा ती बेधडक स्वतः घ्यायची. "राबलं कोन?" असं वर विचारायची.

तर वर्गातली सगळी ओट्यावर पहिल्या पंगतीला बसली आणि मी आमटीची बादली उचलली. लक्ष्मणकाका, बाचा धाकटा भाऊ, पत्रावळी मांडत होता. पाटावरून, हळदीनं माखलेल्या अंगानं, बानं त्याला हाक मारली. "तिला बी बसव रे. लांबून आलीय."

काकानं माझ्या हातातून बादली घेतली. माझ्यासाठी एक पान मांडलं, मॅडमच्या शेजारी. मी बसले. बाच्या मनात माया होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती. भात गरम होता, उडदाची आमटी झणझणीत होती. मॅडमनी पंगतीचा क्रम विचारला. मी नीट समजावून सांगितला, पाहुणे, भावकी, घरचे. त्यांनी लिहून घेतला. तू कुठल्या पंगतीत बसली आहेस, हे त्यांनी विचारलं नाही.

तेव्हा मला वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. रडले असते, भांडले असते, बाला त्याचेच शब्द ऐकवले असते. काहीच वाटलं नाही. पाय झोपावा तसं माझं आतलं काहीतरी झोपलं आणि मी त्यावर भार देऊन चालत राहिले. चालता येतं. बरीच वर्षं येतं.

बी. ए. झाले, एम. ए. झाले, नोकरी लागली, इंदिरानगरला फ्लॅट झाला. गावी गेले की आई दुकानातून बिस्किटं मागवायची. नवी गोधडी काढायची. मी झाडू हातात घेतला की कोणीतरी तो काढून घ्यायचं. माझं लग्न कोर्टात झालं आणि जेवण हॉटेलात. तिथे सगळेच पाहुणे, वाढणारे वेटर. बा सारखा उठून कोणाच्या तरी पानाकडे बघायला जायचा आणि मी त्याला परत बसवायचे. माझ्यासारख्या घाट चढून शहरात आलेल्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत असेल. पाड्यावर राहिलेल्यांना वाटत असेल, आम्ही सुटलो. सुटलो खरे, पण कुठून सुटलो आणि कुठे लागलो, ते सांगता येत नाही.

पुढे गावात मोबाइलची रेंज आली आणि त्या रेंजवर पहिली बातमी बा गेल्याची. पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं. मी आईशेजारी बसले. बायका माझ्याकडे बघत होत्या, मी रडेन म्हणून थांबल्यासारख्या. मला रडू आलं नाही. वर्गात मृत्यूचे विधी शिकवते तशी मी बसून होते.

दिवसांचं जेवण होतं तेव्हा मी पुन्हा गेले. तोच ओटा, तशाच पत्रावळी. आई भिंतीला टेकली होती. पहिली पंगत बसायला लागली तशी ती काकाला म्हणाली, "तिला आधी वाढ. लांबून आलीय."

आता रस्ता चांगला झाला आहे. सकाळी निघालं तर दुपारी परत नाशकात. लांबून! मी ओट्यावरची आमटीची बादली उचलली. काकानं सवयीनं कडीला हात घातला. मी कडी सोडली नाही. काकाची सून म्हणाली, "ताई, राहू द्या ना, तुम्ही कशाला?" तरी सोडली नाही. मग काकानंच हात काढला.

पहिली पंगत वाढली. भावकीची वाढली. बादलीच्या कडीनं बोटं वळली, साडीवर आमटी सांडली, एका म्हाताऱ्यानं "कोनाची गं तू?" असं विचारलं आणि मी बाचं नाव सांगितलं. आई सगळा वेळ बघत होती. शेवटी घरच्या बायका बसल्या, त्यांच्यात मी. भात संपत आला होता. आईनं पातेलं पुढे ओढलं, उलथन्यानं तळ खरवडला आणि खरपुडी मोडली. मोठा तुकडा तिनं स्वतःच्या पानात घेतला. लहान माझ्या पानात टाकला.

रडू तेव्हाही आलं नाही. भूक मात्र लागली होती, कितीतरी वर्षांनी लागावी तशी. मी खायला लागले. घर कशाला म्हणतात, असं वर्गात मुलं विचारतात तेव्हा मी पुस्तकातली व्याख्या सांगते, आणि त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे तो लहान तुकडा असतो.

"चाल, खा लवकर," आई म्हणाली. "भांडी घासायची हायेत."