आत्यानं समुद्रात सोडलेला दिवा

मंडळी, मुंबईहून आत्ताच नाशिकला परतलोय, पण तो दिवा काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्याचा मुलगा सदा देवळालीच्या लष्करी कँपात खेचरं सांभाळतो. आज त्याची पलटण लढाईवर जायला बोटीवर चढायची होती. कुठं जाणार, ते कुणालाच सांगितलेलं नाही. सदा भेटणार नव्हताच, निदान बोट तरी बघू म्हणून आत्या नि मी निघालो.

दुपारभर किनाऱ्यावरच्या दगडांवर बसून शेंगा खात बोटी बघितल्या. खरं सांगतो, मजा वाटत होती. मग दिवाळीत पाहिलेली पांढरी बोट ओळखू आली. आता ती सगळी करडी रंगवलीय, खिडक्यासुद्धा काळ्या. क्रेननं उचललेली खेचरं हवेत पाय झाडत तिच्यावर चढत होती.

बोट हलली तशी आत्यानं द्रोणात दिवा लावून पाण्यात सोडला, आपण गोदावरीत सोडतो तसाच. पण गोदावरी दिवा पुढं नेते. इथं भरतीनं तो परत तिच्या पायाशी आणून टाकला.

"बघ, परत आला!" आत्या हरखली. "माझा सदाही असाच येणार."

द्रोण उलटा पडला होता, वात विझलेली.

तो ओला द्रोण तिनं आता देवापुढं ठेवलाय. सांगा, मी बोलायला हवं होतं का?