हातून सुटलेला दोर

हे लिहितानाही मला लाज वाटते आहे. आमच्या घरी लग्नाची घोडी भाड्याने देण्याचा धंदा. मालेगावात सगळे मला घोडीवाल्याचा पोरगा म्हणत आणि ते मला सलायचं. म्हणून मी पुण्याला जाऊन नवी विद्या शिकलो. ज्या मुलांचे हातपाय ताठ असतात त्यांना घोड्यावर बसवून संथ फिरवायचं; त्या चालीने कंबर सैल होते, तोल येतो. परतलो ते डोक्यात हवा भरूनच. आमच्या राणी घोडीलाच मी त्यासाठी तयार केलं. वडील म्हणाले, "अरे, ते वरातीची घोडी हाये. बाजा आयकला का आवरत नाई." मी म्हटलं, "ते मी पाहून घेतो." देवाला तर मी विचारलंच नाही.

केनवडहून एक बाई आपल्या लेकीला, गौरीला, एसटीने घेऊन येई. गौरीचे पाय कात्रीसारखे आवळलेले, आधाराशिवाय तिला बसता येत नसे. एकाने दोर धरायचा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी मुलाला धरून चालायचं, असा नियम. त्या दिवशी बाजूने चालणारे दोघेही आले नाहीत. मी गौरीच्या आईलाच एका बाजूला उभं केलं आणि दोरासकट दुसरी बाजू स्वतःच घेतली.

तेवढ्यात पलीकडून वरात निघाली. ताशा वाजला आणि राणी नाचू लागली. मी दोर ओढला, तो हिसक्यासरशी हातून गेला. आई पडली. राणी गौरीला घेऊन निघाली, तेव्हा शिकलेलं काही आठवलं नाही. तोंडून फक्त "मारुतीराया!" एवढंच निघालं.

आमच्याकडे नवरदेव लग्नाआधी घोडीवरून मारुतीच्या दर्शनाला जातो. मी धापा टाकत पोचलो तर राणी देवळाच्या पायरीशी उभी, नवरदेव उतरायची वाट पाहावी तशी. एका अनोळखी माणसाने नारळ खाली ठेवून गौरीला दोन्ही हातांनी धरलं होतं. ती हसत होती. "पोरीले काई नाई झालं," तो म्हणाला, "तुमी अदुगर बसा, दम घ्या." गौरीला उतरवून घेतलं तोवर तो निघून गेला होता. राणी सवयीने थांबली म्हणा, मी वाद घालणार नाही. पण ती सवय मारुतीच्याच दारची होती आणि मी त्याला विचारलंही नव्हतं.

आई लंगडत आली, गुडघा फुटलेला. माझी मान वर होईना. "ताई, उद्यापासून येऊ नका. माझ्याच्याने हे होणार नाही."

"शिव्या तं लय द्यायच्या हायेत तुमाले," ती म्हणाली. मग तिने गौरीच्या पाठीवरून हात फिरवला. "पन एवढ्या दूर बसली माही पोरगी. कोनी धरलं नवतं तिले. पुढच्या बारीले मानसं पुरी आना."

आता माणसं पुरी नसली तर मी घोडी बाहेर काढत नाही. गावात वरात आहे का, हे वडिलांना विचारतो. मग मारुतीला हात जोडून दोर धरतो. मुलं बसतात, त्यांच्या आया मला आशीर्वाद देतात आणि मी खाली पाहतो. सांभाळणारा मी, असं म्हणायला आता जीभ रेटत नाही.