डिग्री की सर्टिफिकेट?

कोपरला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ कोलशेतला रंगाच्या कारखान्यात आहेत. त्यांना आयटीत यायचंय आणि मी आयटीत, म्हणून ते मला जिन्यातच अडवतात. "डिग्री करू की सर्टिफिकेट?" सर्टिफिकेट म्हटलं की, "पण डिग्रीला वजन असतं ना!" डिग्री म्हटलं की, "तोवर म्हातारा होईन रे!" शेवटी त्यांची चाहूल लागली की मी दाराआडच थांबायला लागलो.

रविवारी ते पेढे घेऊन वर आले. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं सर्टिफिकेट मिळवून त्यांच्या बायकोला नोकरी लागली होती.

"तुम्ही विचारतच बसलात आणि वहिनी नोकरीला लागल्यासुद्धा?" मी वैतागून म्हणालो.

"अरे, ती अभ्यासाला बसायची तेव्हा स्वयंपाक मीच करायचो," ते खुशीत म्हणाले. "आता पोळ्या गोल येतात माझ्या."