जावळाची काळी लोकर

मी गालिच्यांचे नकाशे काढतो. पुण्यातल्या एका इंटेरिअरवाल्यांच्या ऑफिसात चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत बसायचं. एक चौकोन म्हणजे एक गाठ. विणणारे तिकडे उत्तरेत. कळंबला, आमच्या गावी, मला भावकीत सतरंजीवाला म्हणतात. एका लग्नात मांडवात सतरंज्या कमी पडल्या, तर चार माणसं माझ्याकडेच बघायला लागली.

तर या सतरंजीवाल्याकडे दिल्लीतल्या एका परदेशी राजदूताच्या बंगल्याचं काम आलं. बैठकीच्या दालनात अंथरायचा गालिचा, मधे मातकट रंग, भोवती रुंद काळा काठ. नकाशा पसंत पडला, काळा पडेना. रंगवलेल्या लोकरीचे चार नमुने पाठवले, चारही परत आले. दिव्याखाली एक निळसर दिसतो म्हणे, एक हिरवट. ऑफिसात सगळे माना खाली घालून बसलेले, तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणालो, न रंगवलेला काळा आमच्या घरी आहे. हे 'आमच्या घरी' मला फार महागात पडलं.

घर म्हणजे माझ्या चुलतभावाचं, बेल्ह्याच्या पलीकडं. त्याला मी दादा म्हणतो. मेंढरं त्याची, घोंगड्यांचा मागही त्याचाच. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. इतकी मऊ आणि काळी लोकर त्या मेंढराला पुन्हा येत नाही. दादानं तीन वर्षांचं जावळ साठवून पोत्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं होतं. ते कशासाठी, हे मला ठाऊक होतं. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या आईनं, एकच मागणं मागितलं होतं. आमच्याकडं माणूस जायला लागलं की खाटेवरून खाली घोंगडीवर घेतात. मला खाली घ्याल तेव्हा जावळाच्या घोंगडीवर घ्या, एवढंच तिचं म्हणणं.

हे ठाऊक असून मी दिवाळीनंतर गाडी घेऊन गेलो. दादा सरळ नाही म्हणाला. मी माझी नोकरी, ऑफिसची अब्रू, सगळं सांगितलं. उन्हाळ्याच्या शेवटी नव्या कोकरांची कातरण होईल, ते पहिलं पोतं तिचंच, असंही म्हणालो, जशी काही मेंढरं माझीच. आत खाटेवर पडलेली थोरली आई सगळं ऐकत होती.

"कुणाच्या घरी आंथरणार रं?" तिनं विचारलं.

परमुलखाच्या सरकारनं दिल्लीत पाठवलेला मोठा माणूस असतो, असं मी समजावलं.

"म्हंजी पावणाच की. पावण्याला चांगलंच आंथराय पायजे. दे रं त्याला. मी काय एवढ्यात जात न्हाई."

दादानं पोतं माळ्यावरून काढून माझ्या डिकीत ठेवलं. मला वाटलं, पटलं त्याला. मला सोयीचं तेवढं लगेच वाटतं.

थोरली आई माघात गेली. सकाळी दादाचा फोन आला, घटका मोजतीय, निघ. मी पोचलो तेव्हा तिला खाली घ्यायची तयारी चालली होती. दादाची मुलं मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलेली, आणि घरातल्या होत्या त्या घोंगड्या त्यांच्या खांद्यावर. मागावर नुसता ताणा, उभे धागे तेवढे. घोंगडी विणणाऱ्याच्या घरात आईला टेकवायला घोंगडी नव्हती. वहिनीनं शेजारून प्लास्टिकची चटई आणली. लाल-हिरवी, मोरांची. तिच्यावर थोरल्या आईला घेतलं. मी पाय धरले होते. गार चटई पाठीला लागली तशी ती शहारली, आणि हातानं खाली चाचपायला लागली. बोटं प्लास्टिकवरून सरकत होती. अर्ध्या तासानं थांबली.

दहावा झाल्यावर ऑफिसातून फोटो आला. गालिचा अंथरलेला, दिवे लावलेले. खोटं कशाला बोलू, काठ फार सुरेख दिसत होता. मी तो दोनदा मोठा करून बघितला, मग फोन पालथा घातला. राजदूताच्या लोकांनी जेवणाच्या खोलीसाठी तसाच आणखी एक मागितला. ऑफिसात मी सांगितलं, आता तशी लोकर नाही. का नाही, ते विचारल्यावर म्हणालो, हंगाम संपला.

पावसाच्या तोंडावर मी दादाकडं गेलो. माफी मागायची म्हणून वाटभर वाक्यं जुळवली होती. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, हातात धाग्याचा धोटा, मागावर नवं जावळ. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "बस."

कुणासाठी विणतोयस, मी विचारलं.

"माझ्यासाठी. आता कुणाच्या भरवशावर ऱ्हात न्हाई बाबा. आपली आपण करून ठिवायची."

वहिनी दारातून म्हणाली की सकाळपासून असलंच अभद्र चाललंय, भावजी, तुम्हीच सांगा यांना काहीतरी. मी खड्ड्याच्या काठाशी टेकलो. दादानं धागा तुटला तिथं गाठ मारली आणि वर न बघता विचारलं, "तुझी बी करू का? लोकर उरंल. उंची सांग."

मी सांगितली. सवयीनं चार बोटं जास्तच सांगितली. लोकरीचं काम धुतल्यावर आटतं.

"ही कोण धुतंय," दादा म्हणाला आणि धोटा पलीकडं फेकला.