माझ्या घराची सुपारी

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. देवळापुढच्या मंडपात, सगळ्या गावादेखत, जगन्नाथ नाखव्यानं माझी सुपारी ताटातून उचलली. दोन बोटांत धरून वर केली.

"ही कोनाची?"

मी म्हणालो, "माजी."

"तुजी? तुजी मगाशी मी टाकली. माज्या बोटीच्या सगल्या टाकल्या. त्यात तुजी आली."

"मी बोट सोडून तीन वर्सं झाली, नाखवा."

तो हसला. गावाकडे तोंड करून हसला. "तू बोट सोडलीस रे म्हाताऱ्या. बोटीनं तुला नाय सोडला."

मग त्यानं ती सुपारी माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली. वरून दोन थापट्या मारल्या. रडणाऱ्या पोराला खाऊ देऊन गप करतात तशा. "जा. म्हातारीला सांग पान लावायला."

मंडप हसला. मागच्या बाजूला माझ्या आळीतली माणसं उभी होती, तीही हसली. ती जरा जास्त मोठ्यानं हसली. नाखव्याला ऐकू जावं म्हणून.

मी तसाच उभा राहिलो. राग आला असं म्हणणार नाही. राग मागाहून आला. आधी नुसती लाज. कान गरम झाले आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना.

आमच्याकडे सरपंचाची निवडणूक सरकारी तारखेला होत नाही. समुद्रकाठचं गाव आहे, तारापूरच्या बाजूला. नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक नावावर भांडतील आणि गोष्ट बाजूला राहील. तर फॉर्म भरायची तारीख लागली की आदल्या दिवशी देवळापुढे ताटं मांडतात. ज्याला सरपंच व्हायचं त्याच्या नावाचं एक पितळी ताट. घरटी एक सुपारी. ज्याच्या ताटात जास्त, त्यानं एकट्यानं फॉर्म भरायचा. दुसऱ्या कोणी भरायचा नाही. म्हणजे सरकारचा मतदानाचा दिवस आमच्या गावात उगवतच नाही. पंचायतीच्या भिंतीवर बिनविरोध म्हणून पाटी लागते, फोटो निघतात, वर्तमानपत्रात येतं. किती शहाणं गाव.

घरटी एक सुपारी म्हटलं, पण त्यात मेख आहे. खलाशाच्या घराची सुपारी खलाशी टाकत नाही. ज्याच्या बोटीवर तो जातो तो नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, त्याची टाकतो. जुन्या काळी याला कारण होतं. शिडाची होडी गेली की चार-चार दिवस परत नसे. खलाशी दर्यात, मग त्याच्या घराचं मत कोण देणार? मालक देई. ठीक. पण आता त्या दिवशी गावाची एकही बोट पाण्यात जात नाही. सगळ्या बांधून ठेवतात, देवाचा दिवस म्हणून. खलाशी धुतलेले कपडे घालून मंडपात उभे असतात. हात रिकामे. तरी त्यांची सुपारी नाखवाच टाकतो.

छत्तीस वर्षं मी त्या बोटीवर गेलो. आधी जगन्नाथच्या बापाबरोबर, मग जगन्नाथबरोबर. तो पहिल्या खेपेला आला तेव्हा ओकून ओकून अर्धा झाला होता. त्याचा सदरा मी धुतला, इंजिनावर वाळवला, बापाला कळू नये म्हणून. डोलीची, म्हणजे जाळ्याची, दोरी कशी आवळायची ते मी दाखवलं. हे उपकार म्हणून सांगत नाही. तो मला किती ओळखतो ते सांगतो.

आणि एक सांगायला पाहिजे. पहिल्यांदा जगन्नाथच्या बापानं माझं नाव घेऊन ताटात सुपारी टाकली तेव्हा मला अभिमान वाटला होता. एवढा मोठा माणूस गावात माझं नाव घेतो. पुढे एका वर्षी आमच्या आळीतली एक विधवा बाई स्वतःची सुपारी घेऊन आली. नवरा दर्यात गेला होता, पोर नव्हतं. तिला म्हणाले, तुझी सुपारी दिराच्या बोटीचा नाखवा टाकेल. ती म्हणाली, दीर माझ्याशी बोलत नाय. तेव्हा मंडप हसला. मी पण हसलो होतो. ती बाई आता नाही. तिची माफी मागायची सोय राहिली नाही.

गुडघे गेले तेव्हा मी बोट सोडली. नाखव्यानं शाल घातली, नारळ दिला. मला वाटलं, झालं. बोट सुटली, माझी सुपारी माझ्या घरी परत आली. हा माझा अडाणीपणा. बोईसरच्या बाजारातून मी स्वतः सुपारी आणली, चांगली मोठी, हातावर तोलून बघून. बायको म्हणाली, "लगीन हाय का तुमचं?" मी म्हणालो, "तसंच समज."

त्या दिवशी दोन ताटं होती. एक नाखव्याच्या भाच्याचं. भाचा पालघरला फ्लॅटमध्ये राहतो. गावात येतो होळीला, नाहीतर ताटं मांडतात तेव्हा. दुसरं ताट सुनंदाचं. सुनंदा आमच्या खालच्या आळीतली, बोंबील सुकवते, बायकांचा बचत गट चालवते. नळाचा पाईप नाखव्यांच्या आळीपाशी येऊन थांबला होता, किती वर्षं तसाच. सुनंदा आळीतल्या बायका घेऊन पालघरला गेली, पंचायत समितीच्या दारात दिवसभर बसली. पाईप आमच्या आळीत आला. माझ्या दारात नळ आहे तो तिच्यामुळे. म्हणून माझी सुपारी तिच्या ताटात होती. म्हणूनच उचलली गेली. भाच्याच्या ताटात टाकली असती तर कोणी विचारलं नसतं.

सुनंदाच्या ताटाचा तळ दिसत होता. भाच्याचं ताट शीग लागून भरलं. टाळ्या झाल्या. मग जगन्नाथ नाखवा माईकवर आला.

"आता फॉर्म एकच. दुसरा फॉर्म आला तं मतदान लागेल. पोलीस येतील, मशीन येईल. मशीनमदी कोन कोनाला देतो ते कलत नाय. भाऊ भावाला फसवील. गावाचं वाटोलं होईल. जो दुसरा फॉर्म भरील त्याच्या मयताला गाव येनार नाय. ध्यानात ठेवा."

सगळे हो म्हणाले. मी पण सवयीनं मान हलवणार होतो. मान अर्ध्यात थांबली.

कोण कोणाला देतो ते कळत नाही. तो हे भीती घालायला सांगत होता, आणि मला वाटलं, अरे, ह्याला ह्याचीच भीती आहे. पोलिसांची नाही, फुटीची नाही. माझं बोट पुठ्ठ्याच्या आड जाईल आणि त्याला दिसणार नाही, ह्याची. खासदाराच्या निवडणुकीला मी शाळेत जातो, बोटाला शाई लावतात. एकदा हा जगन्नाथ माझ्या मागे रांगेत उभा होता. माझ्या मागे. तिथे त्यानं माझा हात धरला नाही. दिल्लीला कोण जाणार ते मला विचारतात, आणि माझ्या दारातला नळ कोणाच्या हातात ते विचारत नाहीत.

जेवणाची पंगत बसत होती. मी न जेवता निघालो. मागून कोणीतरी म्हणालं, "रुसला रे नवरदेव." परत हसले. हसू दे.

बायको दारात जाळी विणत बसली होती. तिला सगळं कळलं होतं. आमच्या आळीत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

"गेली का इज्जत?"

"गेली."

"मंग जेवा. उपाशी राहून ती परत येनार नाय."

दुपारी सुनंदा आली. डोळे सुजलेले. मी म्हणालो, "सुनंदा, तू फॉर्म भर."

"नाय काका. माज्या वलांडी गावाच्या जागेवर हायत." वलांडी म्हणजे बोंबील टांगायचे बांबू. "उद्या बांबू उपटले तं पोरांना काय घालू? तुमी माजं नाव पन घेऊ नका."

तिला मी दोष देत नाही. पण खोटं का बोलू, त्या वेळी दिला. मनात म्हणालो, आम्ही सगळे असेच. बांबूला बांधलेले.

मुलगा सरावलीला राहतो, कंपनीत कामाला. त्याचा फोन आला. कोणीतरी त्यालाही सांगितलं होतं.

"बाबा, कशाला नादी लागता? मला सणावाराला गावात तोंड दाखवायचंय."

"मग दाखव. माजं तोंड बघितलं ना आज गावानं."

त्यानं फोन ठेवला.

ऊन उतरलं तेव्हा मी पत्र्याची पेटी काढली. आधार कार्ड, मतदानाचं कार्ड, घरपट्टीची पावती, संडासाचा दाखला. बायको बघत राहिली.

"काय चाललंय?"

"उद्या पालघर. फॉर्म भरतो."

"सरपंचाचा? तुमी?" ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. "दुसरी शिकलेला मानूस. कागद वाचायला तुमाला अर्धा दिवस लागतो."

"माज्या वयाच्या मानसाला शिक्षन विचारत नाय. दुपारी फोनवर चौकशी केलीय मी."

"आनि निवडून आलात तं?"

"येत नाय. मला सरपंच नाय व्हायचं. मला गावात मशीन आनायचीय."

तिनं दोरा दातानं तोडला. जाळी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "लग्न होऊन ह्या गावात आले, तवापासून ताटापाशी गेले नाय मी. बाईचं ताट मांडतील, पन बाईला जवल येऊ देत नाय." आणि थोड्या वेळानं, "मशीन आली तं मी तुमालाच देईन असं समजू नका हां. बोलून ठेवते. तुमाला काय कलतं सरपंचाचं?"

"मला नको देऊ. भाच्याला दे पायजे तर. पन तू दे. तुज्या हातानं."

ती म्हणाली, "ते मी बघीन कोनाला द्यायचं." आणि उठून माझा दुसरा सदरा धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या रिक्षानं बोईसर गाठलं. रिक्षात कंपनीतले चार कामगार, रात्रपाळी करून परतणारे, पेंगत होते. एकानं माझ्या हातातली पेटी बघून विचारलं, "चाचा, गाँव जा रहे हो?" मी म्हणालो, "गाँव से आ रहा हूँ." त्याला काय सांगणार.

स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक बाई बसते. तिनं माझा फॉर्म भरून दिला. प्रत्येक ओळ मी तिला मोठ्यानं वाचायला लावली. ती कंटाळली. तरी लावली. छत्तीस वर्षं न वाचता मान हलवली होती.

एसटीनं पालघरला उतरलो तेव्हा मोबाईल वाजला. जगन्नाथ.

"म्हाताऱ्या, कुटं हायस? सकालपासून दिसला नाय."

"पालघरला."

"दवाखान्यात?"

"तहसीलला."

तिकडे आवाज एकदम गोड झाला. "काल मस्करी केली रे. एवढं मनावर घेतात? थांब तितंच, गाडी पाठवतो."

"गाडी नको, जगन्नाथ." नाखवा म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तोंडात वेगळंच लागलं.

"ऐक. तुज्या मयताला कुत्रं येनार नाय."

"मयताचं मी मेल्यावर बगू. आज जिता हाय." फोन बंद करून पेटीत टाकला.

फॉर्म घ्यायला सुरुवात व्हायच्या आधी मी दारात होतो. आत टेबलामागे चष्मेवाला साहेब. माझ्या मुलापेक्षा लहान. त्यानं कागद एकेक करून तपासले. मग माझ्याकडे बघितलं, दारामागे बघितलं, माझ्याबरोबर कोणी आहे का ते.

"आजोबा, एकटेच?"

"एकटाच."

"तुमचं गाव दर वेळी बिनविरोध असतं ना? चांगली प्रथा आहे. उगाच खर्च नाही, तंटा नाही. घरी विचारलंत का? माघारीला मुदत असते, विचार करा."

"विचार करून आलोय."

"निवडून याल असं वाटतं?"

"नाही."

"मग कशाला उभे राहता?"

मी म्हणालो, "साहेब, हा फॉर्म घेतलात आणि मी माघार घेतली नाही, तर आमच्या गावात मतदान घ्यावं लागेल ना?"

"घ्यावंच लागेल."

"मग घ्या."

त्यानं सहीची जागा दाखवली. अंगठ्याचं पॅड पुढे सरकवलं. मी ते मागे सरकवलं आणि पेन मागितलं.