आसगावची पानं आणि नवी सिस्टीम

मुलांनो, आपल्या घरच्या संगणकावर आता विंडोजऐवजी लिनक्स आहे. थोरल्याने सुचवलं होतं तेच. व्यवस्थित चालतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तरीही सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण शेवटी तुमच्याकडून मला एक काम करून हवं आहे.

तो संगणक तुम्हाला आठवत असेल. भंडाऱ्याच्या घरात मागच्या खोलीत, खिडकीपाशी, वर क्रोशाचं कापड. जवाहरनगरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तुमच्या आबांनी तो घेतला. की-बोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर त्यांनी स्वतः चिकटवले होते. 'ळ'चा स्टिकर निघून गेला, तेव्हा तिथे पेनने लिहिलं. रोज सकाळी चहा झाला की ते बसत आणि आसगावबद्दल टाईप करत. लहानपणीच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, गावची बोडी म्हणजे लहान तलाव, तिचं पाणी आधी कोणाच्या बांधीत सुटायचं आणि त्यावरून कोण कोणाशी वर्षभर बोलायचं नाही, रोवणीला येणाऱ्या बाया काय गायच्या, काय खायच्या. पाच वर्षं लिहीत होते. ते गेले तेव्हा ती पानं त्या संगणकातच होती, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दुसरीकडे कुठेच नव्हती. मी त्यातली निम्मीही वाचलेली नव्हती. ते वाचून दाखवायला लागले की मी म्हणायची, "पूर्ण होऊ द्या, मग एकदमच वाचते."

मागच्या वर्षी पडद्यावर सूचना येऊ लागली की या जुन्या विंडोजला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. नवी विंडोज या संगणकावर चढत नव्हती. मी सूचना बंद करायची, ती पुन्हा यायची. मोबाईल बदला, गॅसचं बुकिंग नव्या पद्धतीने करा, बँकेचं ॲप पुन्हा टाका, हे सगळं नुकतंच करून झालं होतं. आता हेही. खरं सांगते, मला कंटाळा आला होता. नुसता संगणकाचा नाही, दर वर्षी पुन्हा पहिलीत बसण्याचा.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, सरळ नवीन घे ना. मी इथून ऑर्डर करतो, परवा घरी येईल."

"आणि यातलं सगळं?"

"त्यात घालता येतं. तू वही करू नकोस फक्त. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा तीन महिने वही केली होतीस."

वही मी केलीच. एका बाजूला नवा संगणक, मध्ये आहे तोच तसाच चालू ठेवणे, तिसऱ्या रकान्यात लिनक्स. थोरल्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं, "आजी, जुन्या मशीनला तेच बेस्ट. तुला काय लागतं? कॉल, मेल आणि टायपिंग." धाकटी मागून ओरडली होती, "आणि पत्ते!" तेही मी लिहून घेतलं. कॉल, मेल, मराठी टायपिंग, प्रिंटर, पत्ते. आबांची पानं यादीत लिहिली नाहीत. ती कुठेही गेलो तरी बरोबर येणारच, असं धरलं होतं.

इथे संगणकाचं दुकान चालवणारी एक बाई आहे. शाळेत माझ्याकडे इंग्रजी शिकली. आता तिची स्वतःची मुलगी कॉलेजात आहे, पण मला पाहिलं की ती खुर्चीवरून उठते. ती घरी आली आणि एका पेन ड्राइव्हवरून, आतलं काही न बदलता, लिनक्स चालवून दाखवलं. मी वहीतल्या एकेका गोष्टीसमोर खूण करत गेले. प्रिंटरने पान काढलं. स्टिकर होते तिथेच मराठी अक्षरं उमटली.

"मॅडम," ती हसली, "तुम्ही तं पेपर तपासून राहिल्या. पास झाला का नाही?"

"झाला. पण काठावर नाही, चांगल्या मार्कांनी."

"मग बसवून देऊ? पण आधी आतलं सगळं कॉपी करा लागते. ते मी करू का तुम्ही करता?"

मी म्हटलं, मी करते. आबांच्या वस्तूंना दुसऱ्याचा हात लागू नये असं काहीतरी मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून त्या कामाला बसले. पडद्यावर आबांचा 'आसगाव' नावाचा पिवळा फोल्डर होता, शेजारी 'फोटो', शेजारी 'घरची कागदपत्रं'. तिन्ही नव्या पेन ड्राइव्हवर घेतले. क्षणात झालं. पेन ड्राइव्हवरून 'आसगाव' उघडून पाहिला. पानं दिसली, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मग चिठ्ठी चिकटवली, 'आबा, आसगाव, सर्व', आणि पासबुकांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिला.

दुपारी ती आली. "मॅडम, एक डाव मी माझ्या लॅपटॉपवर लावून पाहू का? दोन मिनिटं लागतील."

"काही गरज नाही. मी स्वतः उघडून पाहिलंय."

तिने लॅपटॉप परत पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही पाहिलं म्हणजे झालं," आणि तिने जुनं सगळं पुसून नवी सिस्टीम बसवली. दिवस मावळायच्या आत आपला कॉलही झाला होता. धाकटीने मला पत्त्यांत हरवलं, आठवतं?

तीन दिवसांनी पेन ड्राइव्ह लावला. 'आसगाव' उघडेना. 'फोटो' उघडेना. मी दुकानात गेले. तिने एकदा पाहिलं आणि खुर्ची ओढून मला आधी बसवलं. पडद्यावर होते ते खरे फोल्डर नव्हतेच. आबांनी आत दुसरीकडे ठेवलेल्या फोल्डरकडे नेणारी ती नुसती चित्रं होती. कोपऱ्यात बारीक बाण असतो, त्यावरून ओळखायचं. मी ती चित्रं उचलून आणली होती. त्याच संगणकावर उघडून पाहिलं तेव्हा पानं दिसली, कारण खरी पानं अजून आतच होती. म्हणजे मी तपासलं होतं, पण ज्या संगणकावर तपासायला नको होतं त्याच्यावरच.

"मीच पाहाले पाहिजे होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दुसऱ्या कोणाचं असतं तं पाहिल्याशिवाय हात नसता लावला. तुम्हाले कशी म्हणू, का भरोसा नाही म्हणून?"

"तू विचारलं होतंस."

"पुन्हा विचाराले पाहिजे होतं."

चाळीस मुलींच्या वर्गात, मी एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचं नाही, ही शिस्त मीच लावली होती. त्या शिस्तीचा मला अभिमान होता. तिला मी तसं सांगितलं आणि चूक माझी आहे असंही सांगितलं. ते तिला पटलं नाही. तिने सीपीयू दुकानात ठेवून घेतला आणि जुनं काही परत मिळतं का ते दोन दिवस शोधलं. काही फोटो मिळाले, विजेची दोन बिलं मिळाली आणि आबांचं अर्धं पान मिळालं. बोडीच्या काठावर बसून एक म्हातारा रात्रीच्या पाण्याची पाळी राखतो आहे, एवढंच. तो कोण, कोणाच्या बांधीसाठी बसला होता, ते पुढच्या अर्ध्यात असेल. आसगावात विचारून पाहिलं. सांगणारं कोणी उरलं नाही.

मी उठत होते तेव्हा ती म्हणाली, "साहेबांनी कोणाले पाठवलं नव्हतं का मॅडम? माणूस इतकं लिहिते तं कोणाले तरी दाखवते."

घरी येईपर्यंत मला उत्तर सापडलं होतं. दर रविवारी आबा तुम्हा दोघांना मेल करायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "पोरांना एकेक पान पाठवतो. उघडतात की नाही कोण जाणे." मग सोमवारी सकाळी आधी मेल बघायचे आणि नंतर चहा घ्यायचे.

आबांच्या मेलचा पासवर्ड मला माहीत नाही. तर काम हे आहे. तुमच्या जुन्या मेलमध्ये ती पानं शोधा. उघडलेली नसतील तरी मला राग नाही. मला ती ऐकायला खुर्चीतून उठावंसुद्धा लागणार नव्हतं, तरी मी ऐकली नाहीत. क्रम लावू नका, चुका सुधारू नका, मिळतील तशी पाठवा. शेवटची काही पाठवायची राहिलीच असतील, ती गेली ती गेली.

आली की मी दोन पेन ड्राइव्हवर घेईन, आणि दोन्ही आधी तिच्या दुकानातल्या संगणकावर उघडायला लावेन. ती पाहत असताना मी मध्ये बोलणार नाही. मग घरी येऊन पहिल्या पानापासून वाचायला बसेन.